शिपाई बकम सिंग यांचे स्मरण



11 नोव्हेंबर रोजी, अकराच्या ठोक्याला, सारा कॅनडा आपल्या हुतात्म्यांपुढे नतमस्तक होईल. त्या समयी छातीवर पॉपीचे लाल फूल लावून उभ्या राहणाऱ्या आपणां महाराष्ट्रीयांस, त्या पुण्यनामावळीत हिंदुस्थानातून आलेला एक तरुणही आहे याचे स्मरण असावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

पंजाबातील माहिलपूर येथे 1893 साली जन्मलेले बकम सिंग 1907 मध्ये, मिसरूडही फुटले नव्हते अशा वयात, ब्रिटिश कोलंबियात उतरले. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढच्या वर्षी, मायदेशाहून थेट एका प्रवासात आलेल्यांसच प्रवेश, असा हुकूम सुटला. अशा थेट फेऱ्या नसल्याने हिंदी लोकांची वाटच बंद झाली, आणि बकम सिंग यांची, बालपणीच विवाह झालेल्या पत्नी प्रीतम कौर यांच्याशी पुन्हा भेट कधीच झाली नाही. याच हुकुमाच्या आधारे 1914 च्या जुलैत ‘कोमागाता मारू’ या जहाजावरील बहुतेक हिंदी उतारू व्हँकुवरच्या बंदरातून परत धाडले गेले, आणि ज्या सरकारने हे केले त्याच्याच लष्करात, वर्ष उलटण्याच्या आत, ओंटारिओतील स्मिथ्स फॉल्स येथे बकम सिंग रुजू झाले.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या 20व्या पलटणीतून फ्लँडर्समध्ये लढताना त्यांना 1916 च्या जूनमध्ये डोक्यास आणि जुलैमध्ये पायास जखमा झाल्या. इंग्लंडात उपचार चालू असता क्षयाने गाठले. आणि 27 ऑगस्ट 1919 रोजी, अवघे पंचवीस वर्षांचे असता, किचनर येथे त्यांनी देह ठेवला. पुढे सुमारे नव्वद वर्षांनी त्यांचे विजयपदक इंग्लंडातील एका गहाणवटीच्या दुकानात इतिहाससंशोधक संदीप सिंग ब्रार यांच्या हाती आले, आणि पदकाच्या कडेवर ठसविलेल्या नाव-पलटणीवरून सरकारी दप्तर धुंडाळीत ते किचनरच्याच माउंट होप दफनभूमीतील बकम सिंग यांच्या थडग्यापर्यंत पोहोचले. पहिल्या महायुद्धातील शीख सैनिकाचे कॅनडातील हे एकमेव ज्ञात थडगे होय.

हिरावलेला मताधिकार 1947 साली परत मिळाला. आज आपण निर्धास्तपणे मतदान करतो, पत्नी-मुलांसह संसार थाटतो. ज्यांना यांतले काहीच लाभले नाही, तरी ज्यांनी या भूमीसाठी प्राण वेचले, त्यांचे ऋण आपल्या माथी आहे. दर नोव्हेंबरात शीख बांधव त्या थडग्यापाशी मानवंदनेस जमतात. यंदा आपणही सहकुटुंब उपस्थित राहावे, आणि मुलांना बकम सिंग यांचा वृत्तांत आपल्या भाषेत सांगावा, ही आग्रहाची विनंती.



आपला,
संपादक