खेळाचा जोडभाग : घ्यावा की न घ्यावा?



या सदरात आपण खते, औषधे, औजारे यांचा खर्च पुष्कळदा मांडला. आजचा विषय निराळा, पण हिशेबाचाच आहे. मुलगा हट्ट करून संगणकावरचा व्हिडिओ गेम घेतो आणि काही महिन्यांनी ‘एक्स्पान्शन पॅक’साठी पुन्हा पैसे मागतो. पेरणी तोंडावर आलेली असते. वडील विचारतात, “खेळ घेतलाय ना? मग आता कसले पैसे?” प्रश्न रास्त आहे.

एक्स्पान्शन पॅक म्हणजे मूळ खेळाचा जोडभाग. त्यात नवा मुलूख, नवी कथा, नवी साधने असतात. मूळ खेळाशिवाय तो सहसा चालत नाही. ट्रॅक्टरच नसेल तर रोटाव्हेटर घेऊन काय करणार? तसेच हे.

पण नुसती किंमत पाहून निर्णय करू नका. ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या अमेरिकी खेळासाठी एप्रिल २००६ मध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला आले. घोडा सजला, खेळ होता तेवढाच राहिला. लोकांनी त्याची टिंगल केली. त्याच खेळाला २००७ साली ‘शिव्हरिंग आइल्स’ हा जोडभाग आला. किंमत तीस डॉलर, पण त्यात अख्खा नवा प्रदेश आणि नवी कथा होती. स्वस्त ते महाग पडले आणि महाग ते परवडले. बियाण्याच्या पिशवीबाबत आपला अनुभव वेगळा आहे काय?

दुसरे उदाहरण पोलंडचे. ‘द विचर ३’ हा खेळ २०१५ साली साठ डॉलरला आला. २०१६ च्या मे महिन्यात त्याचा ‘ब्लड अँड वाइन’ हा जोडभाग वीस डॉलरला निघाला. त्यात वीस तासांहून अधिक खेळ असल्याचे कंपनीने सांगितले होते. म्हणजे तासाला सुमारे एक डॉलर. हा हिशेब घरी कोणालाही करता येईल. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मूळ खेळ व दोन्ही जोडभाग एकत्र असलेली आवृत्ती आली. जे थांबले, त्यांना सगळे एकदम मिळाले.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा चक्क शेतीचा खेळ आहे. त्याच्या ‘२२’ या आवृत्तीला २०२२ साली प्लॅटिनम पॅक आला. त्याचा भर जंगलातील लाकूडकामावर होता. २०२३ च्या प्रीमियम पॅकने गाजर, लाल बीट अशी पिके दिली. ज्याला पिके घेण्याची गोडी आहे, त्याला लाकूडकामाचा पॅक काय कामाचा? शिवाय खेळणाऱ्यांनी बनवलेली यंत्रे आणि शिवारे, म्हणजे ‘मॉड’, याच खेळासाठी फुकट मिळतात. आधी ती पाहावीत.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी तपासा :

१) मूळ खेळ पुरता खेळून झाला आहे काय? अर्धवट पडला असेल तर पॅक नको.

२) किमतीला खेळाच्या तासांनी भागा.

३) पॅक तयार होण्याआधीच ‘सीझन पास’ म्हणून पैसे मागतात. व्यापारी बाग पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. तुम्हीही करू नका. काही महिन्यांनी सवलतीचे दिवस येतात, तोवर थांबा.

४) नवा खेळ मिळतो की नुसता पोशाख आणि रंग? मोबाइलवरच्या खेळांत बहुधा दुसराच प्रकार विकतात. पाच-पन्नास करीत मोठी रक्कम जाते.

सारांश, सरसकट ‘नाही’ म्हणू नका आणि डोळे मिटून ‘घे’ही म्हणू नका. वही मुलाच्या हाती द्या आणि हा हिशेब त्यालाच मांडायला सांगा. तो बरोबर आला तर पॅक जरूर घेऊन द्या. उद्या घरच्या औजारांचा आणि बियाण्यांचा हिशेबही त्यालाच मांडायचा आहे.