जिवाणी कुठे सोडायची?



चातुर्मास तोंडावर आला, म्हणून पाणी गाळायची नवी दुहेरी फडकी शिवायला घेतली होती. सूनबाई शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, "आई, गाळून झाल्यावर जिवाणी कुठे सोडायची?" मी म्हटलं, "जिथलं पाणी, तिथेच." ती म्हणाली, "पण आपलं पाणी बोअरचं. इतक्या खाली कशी सोडणार?"

मला उत्तर सुचलं नाही.

आमच्या आजेसासूबाईंना हा प्रश्न कधी पडला नसेल. परड्यात विहीर होती. फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी कडीच्या बादलीतून अलगद विहिरीत उतरवायचं. नियम जीवदयेचा, पण त्यापायी रोज विहिरीत डोकावणं व्हायचं. पाणी कितव्या पायरीवर आहे, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे. पाणी उतरलं की धुणं-भांड्याचा हात आपोआप आखडायचा. आज आपण पाणी गाळतो, पण मोजत नाही.

आपल्या भागाला हे परवडणारं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! पुढे तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूर पुरात बुडाले. दारात पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही गत आपण पाहिली. २०२१ ला पुन्हा पूर आला. हवामान बदलतंय म्हणजे पाऊस फक्त कमी होतोय असं नाही. तो थोड्या दिवसांत धो धो कोसळतो आणि मध्ये लांब ओढ देतो. म्हणून पडेल तेव्हा साठवणं आणि नसेल तेव्हा पुरवणं, दोन्हीचं नियोजन हवं.

यावर कुणी म्हणेल, घरातल्या दोन बादल्या वाचवून काय होणार? खरं आहे. सगळ्यात जास्त पाणी शेतीला लागतं. पण आपल्यातली कितीतरी घरं शेतकऱ्यांचीच आहेत ना? आमच्या शेतात ऊस आहे, हे मी आधीच कबूल करते. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो आणि सगळा वेळ पाणी मागतो. शाळू मात्र काळ्या रानातल्या ओलीवर चार महिन्यांत पदरात पडतो, वर कडबाही देतो. यंदा घरात दुसरं बोअर मारायची चर्चा चालली आहे. मी पहिल्यांदाच मध्ये बोलले. आधी उसाला ठिबक करा, एक एकर शाळू आणि हरभऱ्याला ठेवा, मग बोअरचं बघू. ह्यांनी उसाच्या बिलाचा हिशोब मांडला. तो खोटा नाही. उसाला ठरलेला दर आहे, शाळूला तसा भरवसा नाही. निर्णय अजून झालेला नाही. पण घरचं धान्य विकत आणायची वेळ आली, तर तोही हिशोबात धरायला हवा.

वर्षाचं धान्य भरून ठेवणं हा परिग्रह नाही का, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. मला वाटतं, आपलं व्रत परिग्रह-परिमाणाचं आहे आणि परिमाण म्हणजे माप. घराला पुरेल इतकी ज्वारी, डाळ उन्हात वाळवून, एरंडेल लावून ठेवणं ही तरतूद झाली. लग्नात चाळीस पदार्थ मांडून निम्मे टाकणं हा मात्र अनर्थदंड. विनाकारण पाणी सांडणंही त्यातच येतं, हे आपण पाठशाळेत शिकलोय. मग फिल्टरमधून लिटरभर पाणी घेताना त्याच्या दुप्पट-तिप्पट मोरीत जातं, त्याला काय म्हणायचं? मी आता ते बादलीत धरते आणि फरशी पुसायला वापरते.

आपल्या महिला मंडळाला माझी एक विनंती आहे. मंदिराच्या छताचा हिशोब मांडा. १०० चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० हजार लिटर पाणी होतं. गळती-नासाडी धरूनही ४० हजार हाती लागेल. वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून ते बोअरजवळ जिरवता येतं. नव्या रंगकामाआधी हे काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

सूनबाईच्या प्रश्नाचं शास्त्रातलं उत्तर मी चातुर्मासात माताजींना विचारणार आहे. तोवर घरच्या छताचा पाइप बोअरकडे वळवायला गवंडी बोलावला आहे. जिथलं पाणी घेतलं, तिथे काहीतरी परत जाऊ दे.