अहवालातला आकडा

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन तपासणीसाठी आली. मुलगी पारलिंगी, जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा अशी झाली होती. घरातला दोन वर्षांचा अबोला नुकताच संपला होता. मुलीने रक्ताचा अहवाल पुढे केला. इस्ट्राडायॉल हे स्त्रीत्वाचे मुख्य संप्रेरक त्यात अवघे 18 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर होते. ‘‘डॉक्टर, एका गोळीच्या तीन केल्या, तरी आकडा हलत नाही,’’ ती म्हणाली. पाकीट पाहिले, तर मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. एवढ्यात आई हळूच म्हणाली, ‘‘चार दिवस हिची डावी पोटरी सुजली आहे.’’

वाचकहो, या तीन गोष्टींचा परस्परसंबंध समजून घेणे आवश्यक आहे.

बहुतेक गर्भनिरोधक गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम संप्रेरक असते. प्रयोगशाळेतील नेहमीची तपासणी नैसर्गिक इस्ट्राडायॉल मोजते. हे कृत्रिम संप्रेरक तिला दिसत नाही. परिणामी शरीरात औषध भरपूर असूनही आकडा लहानच राहतो आणि घेणारी व्यक्ती मात्रा वाढवत जाते. यकृतावरील प्रभावामुळे हे संप्रेरक रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. ॲम्स्टरडॅम येथील उपचारकेंद्राने 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारलिंगी स्त्रियांमधील रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेच्या 20 पट आढळले होते. त्या काळी तेथे प्रामुख्याने हेच संप्रेरक दिले जाई. म्हणूनच आजची मार्गदर्शक तत्त्वे त्याऐवजी नैसर्गिक स्वरूपाचे इस्ट्राडायॉल गोळी, इंजेक्शन, जेल अथवा त्वचेवरील पट्टी यांद्वारे देण्यास सांगतात. त्वचेतून जाणारे औषध आधी यकृतात जात नाही. त्यामुळे चाळिशीपुढील किंवा गुठळीचा धोका असलेल्या व्यक्तींसाठी तो मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो. धूम्रपान सोडणे हा उपचाराचाच भाग समजावा.

मग आकडा किती असावा? एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार इस्ट्राडायॉल 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर आणि टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असावे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा किंवा दोनदा तपासणी पुरते. याहून मोठा आकडा म्हणजे अधिक लाभ, असे नव्हे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात पहिल्या वर्षातील स्तनवाढीचा इस्ट्राडायॉलच्या पातळीशी संबंध आढळला नाही. स्तनांची वाढ पूर्ण होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात; आवाज तर या औषधाने बदलतच नाही. घाईला येथे औषध नाही.

तपासणीच्या वेळेलाही महत्त्व आहे. इंजेक्शन घेणाऱ्यांनी दोन इंजेक्शनांच्या मध्यावर रक्त द्यावे. जेल लावलेल्या हातातून रक्त काढू देऊ नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यामुळे इस्ट्राडायॉल खोटेच वाढलेले दिसते. सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर रक्तदाब आणि पोटॅशियम पाहावे लागते. सायप्रोटेरॉन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून ते कमीत कमी मात्रेत द्यावे. वृषणे काढल्यानंतर संप्रेरके बंद केली, तर हाडे झिजू लागतात. पुढे अपत्य हवे असेल, तर शुक्रजंतू जतन करण्याचा विचार उपचार सुरू होण्यापूर्वीच करावा.

आता घरच्यांसाठी. ही मुलगी दुकानात गेली, कारण दवाखान्यात जाण्याची तिला लाज वाटली. आणि ती लाज तिला घरातूनच मिळाली होती. पारलिंगी व्यक्तींसाठी संप्रेरक-उपचारांसह वैद्यकीय सेवा उपलब्ध करणे 2019 च्या कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. तिथपर्यंत सोबत जाणे आपल्या हाती आहे. एका पायाला सूज किंवा दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे, एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत हे न लपवता सांगावे.

त्या मुलीच्या पोटरीत गुठळीच निघाली. वेळीच उपचार झाले. गर्भनिरोधक गोळ्या बंद झाल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांच्या देखरेखीखाली आता तिला त्वचेवरील जेल चालू आहे. गेल्या खेपेस इस्ट्राडायॉल 120 होते. अहवालांची फाईल हल्ली आईच सांभाळते, आणि तिच्यावर तिने स्वतःच्या अक्षरात मुलीचे नवे नाव लिहिले आहे.