आकाशगंगा-साम्राज्याची सरहद्द

आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतल्या आकाशगंगा-साम्राज्याची सीमा कधीच स्थिर नसते. पहिल्या पुस्तकाच्या आरंभी सुमारे अडीच कोटी ग्रह ट्रँटर या राजधानीच्या अमलाखाली आहेत. तीनएक शतकांनी ‘आकाशगंगेचा सम्राट’ हीच पदवी मिरवणाऱ्या नवव्या डॅगोबर्टच्या ताब्यात जेमतेम वीस शेतकी ग्रह उरतात. १९४२ पासून मासिकात कथारूपाने आलेली आणि १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तकांत बांधली गेलेली मूळ मालिका या दोन टोकांमधला प्रवास सांगते. असिमॉव्ह यांच्यासमोर नमुना होता गिबनने लिहिलेल्या रोमच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा.

साम्राज्य वाढत होते तो काळ ‘द करंट्स ऑफ स्पेस’ (१९५२) या कादंबरीत दिसतो. तिथे ट्रँटरने साधारण निम्मी आकाशगंगा गिळलेली आहे आणि सार्कसारखी राज्ये अजून स्वतंत्र आहेत. त्या कथेत ट्रँटरचे आरमार लढताना दिसत नाही. दिसतो तो त्याचा वकील, योग्य क्षणाची वाट पाहत सार्कमध्ये बसलेला. सीमा पुढे सरकण्याच्या या पद्धतीबद्दल मात्र असिमॉव्ह यांनी फार लिहिले नाही. त्यांचे खरे लक्ष सीमा मागे कशी सरते याकडे होते आणि मालिकेचे बळही तिथेच आहे.

या साम्राज्याची सीमा नकाशावर रेघ ओढून दाखवण्याजोगी नाही. तिथली याने हायपरस्पेसमधून उडी घेतात. एका ताऱ्याजवळ नाहीशी होऊन ती दुसऱ्याजवळ प्रकटतात आणि मधल्या पोकळीवर पहारा ठेवून काही साधत नाही. त्यामुळे मुलूख म्हणजे हुकूम मानणाऱ्या ग्रहांची यादी. एखाद्या ग्रहाने हुकूम मानणे थांबवले की तेवढी सीमा सरकली, मग राजधानीच्या दप्तरात काहीही नोंदलेले असो.

अ‍ॅनाक्रिऑन हे याचे पहिले उदाहरण. गणितज्ञ हॅरी सेल्डनने वसवलेल्या विद्वानांच्या वसाहतीला, म्हणजे फाउंडेशनला, पन्नासएक वर्षे झाल्यावर आकाशगंगेच्या कडेचे प्रांत फुटतात. अ‍ॅनाक्रिऑनचा सुभेदार स्वतःला राजा म्हणवतो आणि शेजारी स्मिर्नोसह आणखी तीन राज्ये उभी राहतात. टर्मिनस या धातूंचा दुष्काळ असलेल्या ग्रहावर ज्ञानकोश रचत बसलेल्या फाउंडेशनच्या विद्वानांना तरीही सम्राटाच्या संरक्षणाची खात्री वाटते. नगराध्यक्ष साल्व्हर हार्डिन साम्राज्य आणि अ‍ॅनाक्रिऑन यांच्यातल्या तहाची तर्कशास्त्राने छाननी करवून घेतो. अलंकारिक भाषा गाळल्यावर उरते ते एवढेच की, अ‍ॅनाक्रिऑनवर साम्राज्याचे कोणतेही बंधन नाही आणि साम्राज्याला अ‍ॅनाक्रिऑनवर कोणताही अधिकार नाही. सीमा आधीच हलली होती, तहाने ती गोष्ट फक्त आदबीने झाकली. मराठी वाचकाला इथे अठराव्या शतकातली दिल्ली आठवावी. शाह आलमच्या नावाचे रुपये दूरदूरच्या टांकसाळींत पडत होते आणि त्याचा स्वतःचा अंमल राजधानीच्या परिसरापलीकडे फारसा चालत नव्हता.

प्रांत हातचे जाण्याचे असिमॉव्ह यांनी दिलेले कारण विशेष आहे. कडेच्या राज्यांकडून अणुऊर्जा गेली आहे आणि ती पुन्हा कोळसा-तेलावर आली आहेत. खुद्द साम्राज्यात देखभालीअभावी एका अणुकेंद्राचा स्फोट होतो, तेव्हा नवे तंत्रज्ञ घडवण्याऐवजी अणुऊर्जेवरच निर्बंध घालण्याचा विचार पुढे येतो. पुढे व्यापारी होबर मॅलो साम्राज्याच्याच सिवेना या ग्रहावर जातो. तिथला वंशपरंपरागत तंत्रज्ञ यंत्राची राखण करतो, पण ते बिघडले तर दुरुस्त करणे त्याला जमणार नाही. साम्राज्याचा हात कुठवर पोचतो हे या दुरुस्ती करणाऱ्या हातांवर ठरते. ही कल्पना आजही ताजी आहे आणि आकाशातल्या लढायांनी भरलेल्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा ती वास्तवाच्या जवळ जाते.

फाउंडेशनचा विस्तार याच कारणाची उलटी बाजू आहे. हार्डिन चारही राज्यांना अणुऊर्जा देतो, तीही धर्माच्या रूपात, टर्मिनसवर शिकलेल्या पुरोहितांच्या हातून. अ‍ॅनाक्रिऑन युद्ध पुकारते त्याच रात्री पुरोहित ग्रहावरची वीज बंद करतात. राजा सिंहासनावर राहतो, सत्ता मात्र टर्मिनसची होते. मॅलोच्या काळात धर्माची जागा व्यापार घेतो. फाउंडेशनच्या यंत्रांवाचून घरे आणि कारखाने अडू लागल्यावर कोरेल हे राज्य फारसे न लढताच माघार घेते.

साम्राज्य एकदा सीमा परत पुढे रेटू पाहते. स्थापनेनंतर सुमारे २०० वर्षांनी सेनापती बेल रिओस फाउंडेशनवर चाल करून जातो आणि जिंकतही असतो. सम्राट दुसरा क्लीऑन त्याला परत बोलावतो व पुढे देहदंड देतो, कारण जिंकणारा सेनापती बलवान सम्राटाला सिंहासनाचा दावेदार वाटतो. दुबळ्या सम्राटाच्या काळात तोच सेनापती मुलूख जिंकायला बाहेर न पडता सिंहासनाकडे वळला असता. त्यामुळे सीमा बाहेर सरकण्याची वाट आतूनच बंद होते. सिवेनाही पुढे फाउंडेशनकडे जाते.

हा सगळा हिशोब म्यूल मोडतो. माणसांच्या भावनांना हवा तसा आकार देण्याची शक्ती असलेला हा एकटा माणूस कलगन हा ग्रह आणि मग खुद्द टर्मिनस घेतो. हॅरी सेल्डनची सायकोहिस्टरी अफाट लोकसमूहांची चाल सांगते. असा एखादाच माणूस तिच्या गणितात बसत नाही. म्यूलच्या मृत्यूनंतर त्याचा संघ विस्कटतो, कारण जोडणारे बंधन त्याच्या देहाबरोबर संपलेले असते. कलगन नंतर फाउंडेशनशी लढते आणि हरते.

१९८२ च्या ‘फाउंडेशन्स एज’मध्ये कथा स्थापनेनंतर ५०० वर्षांच्या आसपास येते. चहूकडे फाउंडेशनचा प्रभाव असूनही सेशेल संघ स्वतंत्र आहे. म्यूलनेही त्याला हात लावला नव्हता. असे का, याचे उत्तर सेशेलच्या सैन्यात किंवा व्यापारात सापडत नाही. त्याच भागात गाया हा ग्रह दडलेला आहे, जिथले माणसापासून दगडापर्यंत सारे एकाच जाणिवेचे अंश आहेत. ही जाणीव दूरवरच्या मनांवरही प्रभाव टाकू शकते, आणि मालिकेतली ही एक सीमा शतकानुशतके तिच्यामुळे जागची हललेली नाही.