वहीवरचा कांदा महाग पडतो

महिन्याच्या वीस तारखेला तुमच्या खिशात रोख किती दिरहम असतात? शंभराच्या वर असतील तर या लेखातला पहिला भाग तुम्हाला लगेच उपयोगी पडेल. दहा-वीस असतील तर आधी दुसरा भाग वाचा, कारण तुमचा प्रश्न किराण्याचा नाहीच.

मी दुबईत साइट सुपरवायझर आहे. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पंचविशीत इकडे आलो. पहिली चार वर्षं सोनापूरच्या कॅम्पमध्ये, आठ जणांच्या खोलीत काढली. आता बायको आणि मुलीला घेऊन शारजात एका फ्लॅटमधल्या खोलीत राहतो. त्यामुळे कॅम्पची मेस आणि घरचा किराणा, दोन्हीची हातमिळवणी मी केलेली आहे. आणि खरं सांगायचं तर काटकसरीवर भाषणंही ठोकलेली आहेत. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये हेल्मेट-बेल्टचं सांगून झालं की शेवटी मी पोरांना सांगायचो, "ऑफर बघून घ्या, फालतू खर्च करू नका, एनर्जी ड्रिंकवर पैसे उडवू नका." त्यातलं शेवटचं आजही सांगतो. २०१७ पासून इथे एनर्जी ड्रिंकवर शंभर टक्के एक्साइज आहे, म्हणजे त्या डब्यात तुम्ही मालाइतकाच कर पिता. बाकीच्या भाषणाची मात्र मला आता लाज वाटते. का, ते सांगतो.

मागे एका रविवारी मी वही-पेन घेऊन निघालो. जुन्या कॅम्पजवळच्या ग्रोसरीत नऊ वस्तूंचे भाव लिहून घेतले. मग बस पकडून मोठ्या हायपरमार्केटात गेलो आणि त्याच नऊ वस्तू, तेवढ्याच वजनाच्या, तिथे बघितल्या. पाच किलो तांदूळ, पाच किलो पीठ, दोन किलो तूरडाळ, दीड लिटर तेल, तीन किलो कांदे, दोन किलो बटाटे, तीस अंडी, दोन किलो साखर, चहा पावडर. एका माणसाचा महिन्याचा साधा बाजार समजा. कॅम्पजवळ १४३.५० दिरहम झाले, मोठ्या दुकानात ११०.५०. फरक ३३ दिरहमांचा, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. सगळ्यात जास्त मार कांद्यात होता: इकडे किलोला चार, तिकडे अडीच.

तेहेतीस दिरहम ऐकायला कमी वाटतात. वर्षाचे ३९६ होतात. रुपयांत नऊ हजारांच्या वर. आमच्या संगमेश्वरकडे एवढ्यात माझ्या आईवडिलांचा तीन महिन्यांचा किराणा येतो.

आता तुम्ही म्हणाल, मग जा ना बाबा मोठ्या दुकानात. एकट्याने गेलात तर बसलाच दहा दिरहम जातात. दुबईच्या बसचं दोन झोनचं तिकीट नोल कार्डावर पाच दिरहम, जाऊन-येऊन दहा. तेहेतीसमधले दहा तिथेच गेले, आणि सुट्टीच्या एकुलत्या एक दिवसाचे चार तास गेले ते वेगळेच. म्हणून मी सांगतो ते मेसचं गणित करा. आठ जणांची मेस असेल तर पाळीपाळीने दोघांनीच जायचं. बसचे वीस दिरहम मेसच्या खर्चात धरायचे. बचत आठ गुणिले तेहेतीस, म्हणजे २६४. वीस वजा केले तरी २४४ हातात राहतात. जाणाऱ्या दोघांना त्या दिवशी भांडी माफ. आमच्या खोलीत एवढा एकच नियम होता आणि त्यावरून चार वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. (भांडणं झाली ती टीव्हीच्या रिमोटवरून.)

कांदे-बटाटे-टोमॅटो पोत्याने किंवा पेटीने घ्यायचे असतील तर अल अवीरचा भाजीबाजार. पण तिथे तीन-चार खोल्यांनी मिळून जायला हवं, नाहीतर आठ जणांत टोमॅटोची पेटी तिसऱ्या दिवशी सडते.

कुटुंब सोबत असेल तर गणित बदलतं. आमच्या घरी किराण्याचा कारभार बायकोकडे आहे आणि तो तिच्याकडेच राहावा, कारण मी ऑफरच्या कागदाला भुलणारा माणूस. एकावर एक फुकट बघून मी सॉसच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. आमच्याकडे सॉस कोण खातं? ती लेबलवरची किंमत बघतच नाही, मोबाइलवर भागाकार करून किलोचा भाव काढते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा माझा समज तिने मोडला; डाळींच्या बाबतीत बऱ्याचदा दोन किलोच्या पाकिटापेक्षा सुटी डाळ स्वस्त पडते. पोट भरलेलं असताना बाजाराला जायचं आणि मुलीला घरी ठेवायचं, हे तिचे आणखी दोन नियम. दुसऱ्यावरून आमच्या घरी दर आठवड्याला रडारड होते.

गावाहून येणारा माल ही आपली मोठी बचत. कोकम, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, मिरची, आईच्या हातचा मसाला. सुट्टीवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तीस किलोंत दहा किलो दुसऱ्यांचे असतात, तेही ठीकच. पण एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: खसखस आणू नका. इथे खसखशीवर बंदी आहे, अंमली पदार्थात धरतात. आपल्या मालवणी मसाल्यात, काही घरांत गोड्या मसाल्यातही खसखस पडते. आईला आधीच फोन करून सांगा की माझ्या वाटणीचा मसाला खसखशीशिवाय कुटा. दुसऱ्याचं पार्सल आणताय तर उघडून बघा. तिथे संकोच करू नका. विमानतळावर "मला माहीत नव्हतं" याला काही किंमत नाही.

इथवर पहिला भाग. हे सगळं खरं आहे आणि करण्यासारखं आहे. पण हे करायला खिशात रोख पैसे लागतात. मोठं दुकान उधार देत नाही.

आमच्या साइटवर निफाड तालुक्यातला एक स्टील फिक्सर होता. वडील लासलगावच्या बाजार समितीत कांदा घालतात. ८ डिसेंबर २०२३ ला भारत सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच्या वडिलांचा कांदा तिकडे पडला आणि इथे दुबईत कांदा भडकला. बापाला भाव मिळेना आणि पोराला कांदा परवडेना, एकाच घरात! हसत हसत सांगायचा तो. त्यात आमच्या कंपनीचे पगार फेब्रुवारीपासून लटकले. मार्चअखेर म्हणजे गावाकडे सोसायटीच्या पीककर्जाची मुदत. याने इथल्या ओळखीच्यांकडून उसने घेऊन पैसे पाठवले. एप्रिलमध्ये थोडाफार पगार झाला, तो उसनवारी फेडण्यात गेला. ग्रोसरीच्या वहीत मात्र आकडा वाढत गेला, तेव्हा याने मेस सोडली. दोन वेळा खबूस आणि चहा.

मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमाराला तो राफ्टच्या सळ्या बांधता बांधता खाली बसला आणि आडवा झाला. दुपारच्या सुट्टीचा नियम १५ जूनपासून लागतो, त्याला अजून महिना होता. सावलीत नेलं, पाणी पाजलं, क्लिनिकला पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? काही नाही. काल रात्री? खबूस. मी शेजारी उभा होतो. "फालतू खर्च करू नका" हे याच माणसाला मी आठवड्यातून दोनदा सांगत होतो. तो डोक्यावरून सळ्या वाहत होता, आणि पडला तो जमिनीवर पडला, आठव्या मजल्याच्या काठावर नव्हता, एवढंच आमचं नशीब.

त्या संध्याकाळी मी ग्रोसरीत जाऊन त्याचं वहीचं पान बघितलं. तोच कांदा, तीच डाळ, प्रत्येक ओळीत तोच तीस टक्के जास्तीचा भाव. दुकानदारावर मी चिडलो होतो, पण तोही मलप्पुरमकडचा, आपल्यासारखाच पोटासाठी आलेला. त्याने वहीची मागची पानं दाखवली. कोणाची दुसऱ्या कॅम्पला बदली झाली, कोणाला रातोरात विमानात बसवलं, कोणी नुसताच गायब. बुडालेले आकडे लाल पेनाने लिहिलेले होते. ते बुडीत तो राहिलेल्यांकडून वसूल करतो, दुसरं काय करणार?

आता हिशोब नीट मांडा. कंपनी पगार दोन महिने थांबवते. म्हणजे तेवढे दिवस तुमचे पैसे ती बिनव्याजी वापरते. तुम्ही तेवढे दिवस ग्रोसरीवाल्याचे पैसे वापरता आणि तीस टक्के जास्त मोजता. व्याज कोणाच्या कर्जाचं आणि भरतंय कोण? शिवाय पगार उशिरा म्हणून गावाला पैसे उशिरा, म्हणून गावातल्या वाण्याकडेही एक वही उघडते. एका लटकलेल्या पगाराच्या दोन वह्या होतात आणि दोन्ही आपल्याच घरच्या नावावर.

म्हणून मला वाटतं, आपल्या माणसाला पैसे वाचवायला शिकवण्याआधी त्याला पगाराची तारीख शिकवली पाहिजे. ती शिकून घ्या. करारात दुसरं काही लिहिलेलं नसेल तर महिना संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून पगार देणं लागतं. २०२२ च्या ठरावाप्रमाणे त्यानंतर पंधरा दिवसांत तो झाला नाही तर कंपनी थकबाकीदार धरली जाते. पगार बँकेतून, डब्ल्यूपीएसमधून होतो, त्यामुळे कोणत्या तारखेला किती आला हे मंत्रालयाच्या नोंदीत दिसतं. हातात रोख देऊन सही घेत असतील तर तिथेच सावध व्हा. आणि मेसचे, ॲडव्हान्सचे, दंडाचे म्हणून पगारातून कापतात ना, त्यालाही मर्यादा आहे: कारणं कितीही असली तरी एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. दर महिन्याची पावती मागा. देत नसतील तर बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

कामगार मंत्रालयाचा नंबर ६००५९००००. भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर ८००४६३४२, तिथे हिंदीत बोलता येतं. सुपरवायझर असून मी हे लिहितोय म्हणून काही जण भुवया उंचावतील. उंचावू देत. दोन महिने मी पोरांना "थोडं थांबा, होईल" म्हणत होतो, कारण मला वरून तसंच सांगितलं जात होतं. मी थांबायला सांगत होतो तेव्हा माझ्या घरी महिन्याचं धान्य भरलेलं होतं, त्यांच्या खोलीत नव्हतं.

अजून एक मागणी आपण कॅम्पच्या व्यवस्थापनाकडे रेटली पाहिजे, ती फ्रिजची. ऐकायला किरकोळ वाटते. आठ माणसांत एक फ्रिज, तोही अर्धा बिघडलेला, मग दूध रोज छोटं घ्यायचं, भाजी रोज पाव किलो, चिकन तर विसराच. रोज थोडं घ्यायचं म्हणजे रोज जवळच्याच दुकानात जायचं, आणि मग ते सगळं त्या वहीच्याच भावाने. स्वयंपाकघरात शेगड्या कमी असतील तर पहाटे चारच्या रांगेला कंटाळून माणूस खबूस घेतो. तुम्ही गटाने, खोल्यांचे नंबर घालून लेखी अर्ज द्या, कॅम्प बॉसची पोच घ्या. आमच्याकडे तीन अर्जांनंतर दोन फ्रिज आले. जुने होते, पण चालतात.

निफाडचा तो पोरगा आता दुसऱ्या कंपनीत आहे, जेबेल अलीला. ग्रोसरीची वही त्याने चार महिन्यांत फेडली. परवा फोनवर सांगत होता की नव्या खोलीत मेसच्या बाजाराची पाळी तो स्वतःहून जास्त वेळा घेतो. कांदा निवडून घेतो म्हणे, इतरांना कळत नाही.

तुम्हाला एक काम सांगतो. येत्या रविवारी तुमच्या कॅम्पजवळच्या दुकानातले वर दिलेल्या नऊ वस्तूंचे भाव लिहून आमच्याकडे पाठवा. दुकानाचं नाव नको, दुकानदाराचं तर नकोच. कॅम्पचा भाग, तारीख, रोखीचा भाव आणि वहीचा भाव, एवढंच. आणि खाली एका ओळीत लिहा, गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला.