ट्रेलर ओढायला गाडी निवडताय? जाहिरात सोडा, दाराजवळचं स्टिकर वाचा

आपल्याकडे टोइंग म्हटलं की नो पार्किंगमधली बाइक उचलून नेणारा टेम्पो डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत मात्र गाडीमागे चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, जोडून सुट्टीला निघणारी लाखो कुटुंबं आहेत. माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये असतो, त्यालाही आता हेच करायचंय. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने एफ-150 लाइटनिंग या पूर्ण इलेक्ट्रिक पिकअपचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि लगेच त्याचा मेसेज आला : "अरे, मग मी कुठली गाडी घेऊ?"

फोर्डच्या निर्णयामागे मुख्य कारण पैशांचंच होतं. पण पुढच्या मॉडेलमध्ये बॅटरी चार्ज करायला इंधनावरचं इंजिनही असणार आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. योग्य पॅकेज घेतलं तर लाइटनिंग साडेचार हजार किलोपर्यंत ओढते. ताकद भरपूर आहे, प्रश्न अंतराचा आहे. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने तिच्यामागे सुमारे पावणेतीन हजार किलोचा ट्रेलर जोडून हायवेवर चालवली, तेव्हा कागदावरची 480 किलोमीटरची रेंज 160 वर आली.

असं का होतं? तिच्या मोठ्या बॅटरीत 131 युनिट वीज मावते. एवढी ऊर्जा साधारण 15 लिटर पेट्रोलमध्ये असते, बस! एरवी इलेक्ट्रिक मोटर यातली फारच थोडी ऊर्जा वाया घालवते म्हणून गाडी लांब जाते. पण मागे भिंतीसारखा उभा ट्रेलर आला, की तो हवा कापतानाच बॅटरी खातो. त्यात बऱ्याच चार्जिंग स्टेशनवर ट्रेलरसकट उभं राहायला जागाच नसते. मग ट्रेलर सोडा, चार्ज करा, परत जोडा. दर दीड तासाने हे कोण करणार?

"मग पेट्रोलची एसयूव्ही घेतो, तिची टोइंग कपॅसिटी भारी आहे," भाऊ म्हणाला. इथेच बहुतेक जण फसतात. जाहिरातीतला तो मोठा आकडा गाडी किती ओढू शकते ते सांगतो. स्वतःच्या अंगावर किती वजन पेलू शकते, ते सांगणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या छोट्या स्टिकरवर असतो. त्याला पेलोड म्हणतात.

ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या हुकवर टेकतं. तिथे ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पडायला हवा, आणि तो पेलोडमध्येच धरायचा. मी भावाला हिशोब करून पाठवला. ट्रेलर भरून 3,175 किलो, त्याचे 13 टक्के म्हणजे सुमारे 412. जोडणीचं लोखंडी सामान 40. तो, वहिनी आणि दोन मुलं मिळून 210. एकूण 662 किलो. स्टिकरवर पेलोड 680! उरले 18 किलो. बॅगा, पाण्याचे कॅन आणि मुलांच्या सायकली यातच बसवायच्या. ओढण्याच्या आकड्यात मात्र ही गाडी आरामात पास होत होती.

पुढचा भार कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ढकलावं, असं त्याला वाटलं. नको रे बाबा! मागे वजन गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही सोबत फिरवतो. ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून दाखवलेला व्हिडिओ यूट्यूबवर सहज मिळेल, एक मिनिट काढून बघाच. वजन मागे सरकवलं की काही सेकंदांत सगळं आडवं होतं. खऱ्या रस्त्यावर असं व्हायला लागलं तर स्टीअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोल असेल तर फक्त तो हळूच वापरायचा.

भावाने शेवटी गाडी तीच ठेवली आणि ट्रेलर लहान बघायला घेतलाय. आता तो शोरूममध्ये आधी दार उघडून स्टिकरचा फोटो काढतो आणि मला पाठवतो. काल रात्री दीड वाजता तीन आले.