सौजन्याची सक्ती कोणावर?



दिवाळीनंतरच्या आपल्या बैठकीत चहाच्या वेळी एक किस्सा सांगितला गेला. आपल्यातल्याच दोघीजणी पुतणीच्या लग्नाची साडी घ्यायला लक्ष्मी रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात गेल्या होत्या. दीड तास साड्या पाहिल्या, मनासारखी एकही मिळेना. शेवटी काउंटरमागची मुलगी म्हणाली, "मॅडम, आज घ्यायचं नक्की आहे ना?" झालं! मॅनेजरला बोलावलं गेलं, तक्रारीचा फॉर्म भरला गेला, त्यावर ‘सेल्सगर्ल उद्धट आहे’ असं लिहिलं गेलं. "या पोरींना जरा मॅनर्स शिकवायला हवेत. आपल्या ट्रेनिंगमध्येच घ्या ना!" असं म्हणून किस्सा संपला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पंधरा दिवसांनी तीच मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन बसली. आपण काम करतो त्याच वस्तीतली, आपल्याच रिटेल प्रशिक्षणाच्या बॅचमधली. तिला मॅनर्स मीच शिकवले होते.

तिचं नाव लिहीत नाही, कारण ती दुसरी नोकरी शोधते आहे. त्या फॉर्मनंतर तिचा एका दिवसाचा पगार कापला आणि तिला काउंटरवरून काढून गोदामात घड्या घालायला बसवलं. तिथे विक्रीवरचं कमिशन नाही. महिनाभराने तिने नोकरी सोडली. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, हे मी तिला विचारलं. सकाळी दहापासून ती उभी होती, संध्याकाळचे सहा वाजले होते. पाळीचा दुसरा दिवस होता. संडास तिसऱ्या मजल्यावर, आणि गिऱ्हाईक समोर असताना जागा सोडायची नाही असा नियम. म्हणून सणाच्या दिवसांत ती सकाळपासून पाणीच पीत नसे. या दोघी उठल्या असत्या तर तिला वर जाता आलं असतं. म्हणून तिने तो प्रश्न विचारला होता.

त्या प्रश्नात उद्धटपणा कुठे आहे, हे मला अजून सापडलेलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आहे, प्रकल्पाच्या कामात दहा वर्षं गेली. या प्रशिक्षणातला ‘व्यक्तिमत्त्व आणि संभाषण’ हा भाग मी घेते. त्यात मी काय शिकवत होते? हसतमुख राहा. ‘नाही’ हा शब्द वापरू नका. गिऱ्हाईक ओरडलं तर ‘सॉरी मॅडम’ म्हणा. आवाज खाली, नजर समोर, केस बांधलेले. या मुलींना घरात आईने, आजीने जे शिकवलं तेच मी इंग्रजी शब्दांत, फळ्यावर लिहून, प्रमाणपत्रासह शिकवत होते. सासरी जसं वागायचं तसंच दुकानात वाग. ‘सोशिकपणा हा बाईचा दागिना’ या कल्पनेविरुद्ध आपण शिबिरांतून घसा फोडून बोलतो, आणि रोजगाराच्या प्रकल्पात तोच दागिना मुलींच्या गळ्यात घालून त्यांना नोकरीला पाठवतो.

आर्ली हॉक्सचाईल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. पगारासाठी सतत हसणं आणि आपला राग गिळणं हे श्रमच आहेत. आमच्या अभ्यासक्रमात हे होतं, परीक्षेत त्यावर मी उत्तरही लिहिलं होतं. वर्गात शिकवताना मात्र ते आठवलं नाही.

दुकानातल्या वागण्याची चर्चा निघाली की पुण्यात एक गंमत होते. पुणेरी दुकानदार गिऱ्हाइकाला कसं उडवून लावतो यावर पु. ल. देशपांड्यांनी केलेल्या विनोदाला आपण पिढ्यान्पिढ्या हसत आलो. ‘दुपारी एक ते चार दुकान बंद’ या पाटीचं आपल्याला कौतुक आहे. मालकाने तुसडेपणा केला तर तो बाणा, त्याची दुपारची झोप म्हणजे शहराची संस्कृती. त्याच्याच दुकानातली पगारी पोर मात्र एक सरळ प्रश्न विचारते आणि लगेच उद्धट ठरते. दहा मिनिटं टेकली तर कामचुकार ठरते.

जुन्या साड्यांच्या दुकानांत पांढऱ्याशुभ्र गाद्या असायच्या. दाखवणारे काका मांडी घालून बसायचे, आपणही समोर बसायचो. काही ठिकाणी आजही तसं आहे. त्या काकांना आपण ‘अहो’ म्हणायचो. मग काचेची शोरूम आली, गादी गेली, काउंटर आलं, आणि काउंटरमागे मुली आल्या. आपल्यासाठी खुर्ची राहिली, दाखवणारी उभी राहिली. ‘अहो’ जाऊन ‘ए, ती वरची काढ गं’ आलं. हा बदल आपल्यापैकी कितीजणींच्या ध्यानात आला?

बसण्याचा हा प्रश्न जुना आहे. बायका कामगार असलेल्या दुकानांत दर तिघींमागे निदान एक बैठक ठेवावी, असा कायदा इंग्लंडमध्ये १८९९ साली झाला. आपल्याकडे केरळमधल्या बायांनी हा लढा लढवला. कोझिकोडच्या बाजारात दुकानांतून काम करणाऱ्या बायांना जवळ संडासही नव्हता. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना जमवलं, ‘पेनकूट्टू’ ही संघटना उभी राहिली. आधी मुतारीचा प्रश्न, मग बसण्याचा. २०१८ साली केरळ सरकारला दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक करावी लागली. २०२१ साली तामिळनाडूनेही तेच केलं. केंद्राची २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. उभ्याने काम करावं लागणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था हवी, हे तिच्यातही आहे. पण ही संहिता दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. आपल्या राज्याचा २०१७ चा दुकानांचा कायदाही करताना दहाचीच अट होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती वीसवर न्यायला, शिवाय दिवसाचे नऊ तास दहा करायला मान्यता दिली. आपल्यापैकी कोणी त्यावर निवेदन दिलं होतं का? मी दिलं नव्हतं.

पगार कापण्याचंही तसंच. दंड करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे आणि दंड त्या मुदतीच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. महिन्याच्या पगारातला एक दिवस म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त होतो, हिशोब करून पाहा. या मुलीचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही. मॅनेजरने नाही आणि, स्पष्टच लिहिते, आपणही नाही.

पण तिच्याकडून मी ऐकलेली सगळ्यात कठीण गोष्ट वेगळीच आहे. साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवणं हा तिच्या कामाचा भाग. बायका गिऱ्हाईक असल्या तर काही नाही. पण एकटा पुरुष येतो, "बायकोला फोटो पाठवतो" म्हणतो आणि मोबाईल काढतो. पदर जरा असा घे, जरा तशी वळ. फोटो साडीचा की तिचा, हे तिला कळतं, तुम्हा-आम्हालाही कळेल. मॅनेजरला सांगितलं तर उत्तर आलं, "गिऱ्हाईक देव असतो." (भिंतीवर गिऱ्हाइकाच्या थोरवीचं ते वचन गांधीजींच्या नावाने फ्रेम करून लावलेलं असतंच. गांधीजींच्या लेखनात त्याला आधार सापडलेला नाही, पण दुकानदारांना त्याची गरज नसावी.)

तेव्हा ती हसत राहिली. कारण हसायला मी शिकवलं होतं. ‘नाही’ म्हणायचं नाही, हेही.

विशाखा निकाल १९९७ साली लागला, २०१३ साली लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला. आपण दोन्हींचा किती प्रचार केला! या कायद्याचं कलम १९ मालकावर जबाबदारी टाकतं की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या इतर व्यक्तींपासूनही बाईला सुरक्षित वातावरण मिळालं पाहिजे. दुकानात येणारं गिऱ्हाईक यात आलंच. दहापेक्षा कमी कामगार असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पोस्टर आपणच छापली, कॉलेजांत लावली, सरकारी कचेऱ्यांत लावली. साड्यांच्या दुकानात एक तरी लावलं का? माझ्या बॅचमधल्या मुलींना मी कलम १९ सांगितलं असतं, तर निदान आपल्याला ‘नाही’ म्हणता येतं एवढं तरी तिला ठाऊक असतं.

काही मैत्रिणी म्हणतील, "तू फक्त एकच बाजू मांडतेस. सेल्सगर्लही हिणवतात की!" खरं आहे. वस्तीतल्या आपल्या बाया मॉलमध्ये गेल्या की त्यांच्या चपला पाहून "ते महाग आहे" असं न विचारता सांगितलं जातं. बचत गटाच्या दोघींना असा अनुभव आला, एक तर तिथेच रडली. सांगणारीही शेजारच्याच वस्तीतली असते. तिचं वागणं वाईटच. पण ‘गिऱ्हाईक ओळखायला शिका’ हा धडा तिला कोणी दिला? कपड्यावरून माणसाची किंमत करायला दुकान शिकवतं, आणि त्याच मोजपट्टीने तिचीही किंमत केली जाते. आडनाव विचारणं, पैसे हातात न देता काउंटरवर टाकणं, "कुठली गं तू?" असं म्हणणं. आपल्याकडे मॅनर्स जात आणि पैसा पाहून वर वाहतात. मला त्यांचा उलटा प्रवाह पाहायचा आहे.

"गिऱ्हाईक बाईसुद्धा दमलेली असते, घरचं करून आलेली असते," हेही ऐकलं. असतेच. मग दमलेल्या दोघींनी एकमेकींशी भांडायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या किल्लीबद्दल मालकाला कोणीच विचारायचं नाही, हे कुठलं गणित?

माझ्या बाजूने मी एवढं केलं आहे. पुढच्या बॅचपासून माझ्या भागाचा पहिला तास ‘नाही कसं म्हणायचं’ याचा असेल, दुसरा कायद्याचा. नोकरी देणाऱ्या दुकानांना आपण मुली पाठवण्याआधी पत्र जाईल: स्टूल किती, संडास कुठे, पाळीच्या दिवसांत जागा सोडायची मुभा आहे का, तक्रार समिती कोणाची. मसुदा तयार आहे. प्रकल्पाला पैसे देणारे नाराज होतील आणि नोकऱ्यांचा आकडा खाली येईल, असा इशारा मला मिळालेला आहे.

आणि त्या दोघींना जाहीरपणे विचारते, कारण खासगीत विचारून झालं आहे. त्या फॉर्मवरची तक्रार मागे घेतल्याचं पत्र दुकानाला द्याल का? कापलेला पगार परत मागायला मी शनिवारी त्या मुलीबरोबर जाणार आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद नसतं, मी विचारून घेतलं आहे. अकरा वाजता सिटी पोस्टासमोर भेटू.